धान्याच्या पिशव्या मोजून झाल्यावर

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं एखादं मध्यम वस्तीचं गाव डोळ्यांसमोर आणा. जानेवारी महिना, बाहेर बर्फ. एका जुन्या शाळेच्या इमारतीत गरीब कुटुंबांना मदत करणाऱ्या एका संस्थेचं कार्यालय आणि भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग. त्यातल्या एका खुर्चीवर एक बाई बसली आहे. ही बाई मी प्रकरणाच्या सोयीसाठी कल्पिलेली आहे, पण तिच्या हातात आहे तशी थकलेल्या गॅसबिलाची नोटीस तिकडे दर हिवाळ्यात असंख्य घरांत येऊन पडते. वय तिशीच्या आत. मुलं दोन, थोरलं चार वर्षांचं, धाकटं दीड. नवरा सोबत राहत नाही. काम गोदामात, तेही बोलावतील त्या दिवशी. तिचं मागणं एवढंच आहे की बिल कुणीतरी भरावं, म्हणजे घर गरम राहील आणि पोरं आजारी पडणार नाहीत.

टेबलापलीकडची कार्यकर्ती, जिला तिकडे केस मॅनेजर म्हणतात, बिल नीट वाचते, बाजूला ठेवते आणि एक फॉर्म पुढे ओढते. घर भाड्याचं का? भाडं किती महिन्यांचं थकलंय? कामावर कशाने जाता? तुम्ही पाळीला गेल्यावर मुलं कुणाकडे असतात? शिक्षण कुठवर झालं? डोक्यावर कर्ज किती? दातांच्या डॉक्टरकडे शेवटचं कधी गेला होता? बाई उत्तरं देते, पण तिची नजर बाजूला सारलेल्या बिलावर असते. विचारायला आले गॅसचं आणि ही बाई दातांचं काय विचारते आहे?

तो फॉर्म त्या टेबलावर कसा आला, याची गोष्ट साठ वर्षांची आहे.

८ जानेवारी १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संसदेपुढे दारिद्र्याविरुद्ध बिनशर्त युद्ध जाहीर केलं. त्याच वर्षी २० ऑगस्टला त्याचा कायदा झाला आणि जॉन केनेडींचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर यांच्याकडे मोहीम सोपवली गेली. वॉशिंग्टनने पैसे द्यायचे, पण कुठल्या गावात काय करायचं ते गावातल्या संस्थेने ठरवायचं, अशी कल्पना होती. या संस्था म्हणजे कम्युनिटी ॲक्शन एजन्सी. कायद्यात एक शब्दप्रयोग होता: गरिबांचा ‘जास्तीत जास्त शक्य तेवढा सहभाग’. त्याने महापौर मंडळी चांगलीच भडकली, कारण सरकारच्याच पैशावर माणसं नगरपालिकेसमोर मोर्चे काढू लागली. डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी १९६९ मध्ये या सगळ्यावर पुस्तक लिहिलं आणि नावातच ‘सहभागा’च्या जागी ‘गैरसमज’ हा शब्द घालून टोला हाणला. अखेर तडजोड झाली. संस्थेच्या मंडळावर एक तृतीयांश लोकप्रतिनिधी, किमान एक तृतीयांश गरीब वस्तीचे प्रतिनिधी आणि उरलेले व्यापारी, चर्च, शाळा वगैरेंतले. ही रचना आजही तशीच आहे.

१९८१ मध्ये रेगन सरकारने वॉशिंग्टनमधलं मध्यवर्ती कार्यालयच बंद केलं आणि पैसे एकगठ्ठा अनुदान म्हणून राज्यांच्या हवाली केले. आज अशा हजाराहून अधिक संस्था आहेत आणि देशातल्या जवळजवळ प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात, त्यांचं काम चालतं. हे अनुदान अलीकडच्या वर्षांत सुमारे ७७ कोटी डॉलरचं होतं. अमेरिकेच्या मानाने ही चिल्लर. पण त्या चिल्लरीच्या आधारावर संस्था इतर पैसे उभे करतात. बालवाड्यांचा हेड स्टार्ट कार्यक्रम, हिवाळ्यातली इंधन-मदत, गळक्या खिडक्या-दारं बुजवून घर उबदार करण्याची योजना, धान्यवाटप. एकाच छपराखाली दहा योजना, दहा खाती आणि दहा वह्या.

आणि वह्यांमध्येच पहिली गोची होती. पहिली अनेक वर्षं या संस्था काय मोजत होत्या? धान्याच्या पिशव्या किती वाटल्या, किती घरांना इंधन दिलं, किती फोन घेतले, किती शिबिरं भरवली. आपल्याकडच्या संस्थांचे वार्षिक अहवाल ज्यांनी वाचले असतील त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. ‘लाभार्थी’ या शब्दापुढे आकडा टाकला की आपलंही काम भागतं. आपली ओहायोची बाई जानेवारीत बिलासाठी आली, मार्चमध्ये धान्यासाठी आली आणि सप्टेंबरात तिचं पोर बालवाडीत बसलं, तर तीन वह्यांत तिच्या तीन नोंदी होतात. अहवालात तीन माणसं दिसतात. एकच माणूस एकदाच मोजायचा, एवढ्या साध्या गोष्टीसाठी या संस्थांना संगणक, वेगवेगळ्या योजनांची वेगवेगळी सॉफ्टवेअरं आणि गोपनीयतेचे नियम यांच्याशी वर्षानुवर्षं झुंजावं लागलं. अजूनही झुंजणं संपलेलं नाही.

मिशिगनमध्ये समाजकल्याण खात्यात काम केलेल्या रेजिनाल्ड कार्टर यांनी १९८३ मध्ये एका छोट्या पुस्तकात सात प्रश्न मांडले होते. तुमच्याकडे किती लोक येतात? ते कोण आहेत? तुम्ही त्यांना काय देता? त्याला खर्च किती येतो? एका सेवेमागे किती? इथवर पाच झाले आणि त्यांची उत्तरं कुठलाही बरा हिशेबनीस देईल. सहावा प्रश्न असा: तुम्ही दिलंत, त्याने त्या माणसाचं झालं काय? आणि सातवा: असं एक ‘झालेलं’ केवढ्याला पडलं? या संस्थांच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षणात हे सात प्रश्न शिकवले जाऊ लागले. सहाव्यापाशी वर्ग शांत होत असणार, असं मला वाटतं. पिशवी दिली हे सांगता येतं. पिशवीने काय झालं, हे सांगायला त्या घरी परत जावं लागतं.

१९९३ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला की प्रत्येक सरकारी खात्याने आपल्या कामाचं फलित मोजून दाखवायचं. १९९४ मध्ये या संस्थांसाठी एक कार्यगट बसला आणि त्यातून ‘रोमा’ नावाची पद्धत आली. इटलीच्या राजधानीशी तिचा संबंध नाही, ‘फलितकेंद्री व्यवस्थापन आणि उत्तरदायित्व’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं. सहा राष्ट्रीय उद्दिष्टं ठरली आणि त्यातलं पहिलं होतं: कमी उत्पन्नाची माणसं अधिक स्वावलंबी होतील. १९९८ च्या कायद्याने १ ऑक्टोबर २००१ पासून अशी मोजणी सगळ्यांना सक्तीची केली. हा कागदी सोपस्कार नव्हता, त्यावर अनुदान तगणार होतं. बराक ओबामा स्वतः शिकागोच्या वस्त्यांत संघटक म्हणून काम केलेले. त्यांनीही २०११ मध्ये संसदेतल्या भाषणात, आपल्याला मनापासून जिव्हाळ्याच्या गोष्टींनाही कात्री लावतो आहे असं सांगताना नेमकं याच कामाचं नाव घेतलं आणि हे अनुदान निम्म्यावर आणायचा प्रस्ताव मांडला. ट्रम्प सरकारच्या अंदाजपत्रकांनी तर ते शून्य करायचं सुचवलं. दोन्ही वेळा संसदेने ते वाचवलं. पण ‘तुमच्यामुळे फरक काय पडला ते दाखवा’ ही तलवार तेव्हापासून टांगलेली आहे.

आता तो फॉर्म. त्याच्यामागे एक शिडी आहे. पाच पायऱ्यांची: संकटात, नाजूक, स्थिर, सुरक्षित, भरभराटीत. घर, उत्पन्न, अन्न, आरोग्य, मुलांचा सांभाळ, शिक्षण, प्रवासाची सोय अशा एकेका विषयाला एकेक शिडी. राज्याराज्यांत नावं आणि पायऱ्या थोड्या बदलतात. ॲरिझोनाच्या तक्त्यात डझनाहून जास्त विषय आहेत, अगदी पोलिस-कोर्टाच्या भानगडी आणि बँकेतली पत इथपर्यंत. पहिल्या भेटीत प्रत्येक शिडीवर कुटुंब कुठे उभं आहे ते मांडायचं, सहा महिन्यांनी पुन्हा मांडायचं आणि कोण कुठे चढलं, कोण घसरलं ते पाहायचं.

प्रवासाची शिडी घेऊ, कारण भारतीय वाचकाला ती सगळ्यात परकी वाटेल. कामावर जायला काहीच साधन नाही, ही तळाची पायरी. गाडी आहे, पण विमा संपलेला, टायर गुळगुळीत आणि सकाळी सुरू होईल की नाही याचा भरवसा नाही, ही त्यावरची. लायसन्स, विमा, चालती गाडी, किंवा पाळीच्या वेळेला खरोखर धावणारी बस, ही मधली. ओहायोतल्या लहान गावात रात्री अकराला गोदामातून सुटल्यावर बस कुठून मिळणार? म्हणजे आपल्या बाईच्या नोकरीचं भवितव्य तिच्या कष्टाळूपणावर जितकं, तितकंच एका जुन्या गाडीच्या बॅटरीवर आहे. गॅसचं बिल विचारायला आलेल्या माणसाला हे प्रश्न विचारायचे ते म्हणूनच. बिल भरलं आणि गाडी तशीच राहिली, तर पुढच्या जानेवारीत बाई त्याच खुर्चीवर दिसेल.

संभाषण म्हणून मला ही शिडी फार आवडते. दोघी मिळून तिच्याकडे पाहतात तेव्हा बाईला आपल्याच घराचा नकाशा कागदावर दिसतो आणि कुठून सुरुवात करायची ते ठरवता येतं. घोळ होतो तो या शिड्यांची बेरीज वर पाठवायला लागतो तेव्हा. घरात ‘एक’ आणि प्रवासात ‘पाच’, म्हणून सरासरी ‘तीन’, म्हणजे ‘स्थिर’? चालत्या गाडीत झोपणाऱ्या कुटुंबाला हे ऐकवून पाहा. शिवाय पायरी ठरवणारी बाई तीच, जिच्या कामाचं मोजमाप होतंय. आणि टेबलाच्या अलीकडची बाईसुद्धा मुरलेली असते. पहिल्या दिवशी मदत हवी असते, तेव्हा परिस्थिती आहे त्याहून थोडी वाईट सांगितली जाते. सहा महिन्यांनी इतकं केलेल्या बाईला वाईट वाटू नये म्हणून थोडी बरी सांगितली जाते. दोघींपैकी कुणीच खोटं बोललेलं नसतं आणि तरी शिडीवर दीड पायरीची प्रगती झालेली असते.

मग म्हणावं, सोडा या पायऱ्या, उत्पन्न मोजा. डॉलर तरी खोटं बोलत नाहीत. पण कुठल्या रेषेपर्यंत गेल्यावर ‘पायावर उभी राहिली’ म्हणायचं?

अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा सामाजिक सुरक्षा खात्यातल्या मॉली ऑर्शान्स्की यांच्या १९६३ ते ६५ मधल्या कामातून आली. त्यांनी कृषी खात्याचा सगळ्यात स्वस्त आहार-तक्ता घेतला. १९५५ च्या पाहणीप्रमाणे सरासरी कुटुंबाच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर जात होता, म्हणून त्यांनी आहाराच्या खर्चाला तिनाने गुणलं. संपलं. श्रायव्हर यांच्या कार्यालयाने १९६५ मध्ये ती रेषा कामापुरती उचलली आणि पुढे तीच सरकारी होऊन बसली. आपल्याकडे पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनीही १९७१ मध्ये रेषा आखली ती अन्नावरूनच, माणशी रोज २,२५० उष्मांकांवरून. दोन्हीकडे पोटाचा विचार आधी झाला, कारण त्याचीच आकडेवारी हाताशी होती. पण गेल्या साठ वर्षांत अमेरिकन घराच्या खर्चात अन्नाचा वाटा खूप उतरला आणि भाडं, दवाखाना, पाळणाघर यांनी जागा बळकावली. ऑर्शान्स्कींच्या काळात धाकटी मुलं असलेल्या बहुतेक आया घरी असत, त्यामुळे पाळणाघर हा खर्चाचा रकानाच नव्हता. रेषा मात्र महागाईच्या दराने तेवढी वर सरकत राहिली, आणि अलास्का व हवाई सोडले तर सगळ्या राज्यांना एकच. मॅनहॅटनला जी, तीच मिसिसिपीच्या खेड्याला.

आपल्या बाईचा हिशेब करू. तिघांच्या कुटुंबासाठी २०२५ ची रेषा वर्षाला २६,६५० डॉलर. समजा संस्थेने तिला तासाला १३ डॉलरची कायम नोकरी मिळवून दिली. वर्षाचे कामाचे तास २,०८० धरले तर २७,०४० डॉलर होतात. रेषेच्या ३९० डॉलर वर! अहवालात एक कुटुंब दारिद्र्याबाहेर. (देशपातळीवरचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच अडकलं आहे, त्या दराने वर्षाला १५,०८० होतात, हेही लक्षात ठेवू.) आता ती कामावर गेल्यावर दोन लहान मुलं पाळणाघरात. अमेरिकेत अनेक ठिकाणी दोन मुलांचं पाळणाघर घरभाड्यापेक्षा महाग पडतं. ते ३९० डॉलर दुसरा आठवडासुद्धा काढायचे नाहीत.

ही विसंगती सगळ्यात चोख पकडली डायना पिअर्स यांनी. ‘दारिद्र्याचं स्त्रीकरण’ हा शब्दप्रयोग १९७८ मध्ये त्यांनीच रुळवला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ‘स्वावलंबन मानक’ तयार केलं आणि पुढे वॉशिंग्टन विद्यापीठातून ते राज्याराज्यांसाठी निघत गेलं. त्यांनी खर्चाच्या बाजूने सुरुवात केली. प्रत्येक काउंटीसाठी वेगळा हिशेब, आणि कुटुंबाच्या रचनेप्रमाणे वेगळा: किती मोठी माणसं, किती मुलं, कुठल्या वयाची. असे सातशेहून अधिक प्रकार होतात. तान्ह्याचं पाळणाघर महाग, शाळेत जाणाऱ्याचं फक्त संध्याकाळपुरतं. म्हणून मुलांची वयं हवीत. भाडं, पाळणाघर, अन्न, प्रवास, आरोग्य, कर आणि वर दहा टक्के किरकोळ. अन्न म्हणजे घरी रांधलेलंच. बाहेरचा एक पिझ्झा किंवा कॉफीचा पेलासुद्धा त्यात धरलेला नाही. कुठलीही सरकारी मदत न घेता, मामा-मावशीकडे फुकट मूल न ठेवता एवढं भागतं का, असा प्रश्न. बऱ्याच काउंट्यांत उत्तर अधिकृत रेषेच्या दुप्पट, तिप्पट निघतं.

संस्थेला हे गैरसोयीचं आहे. जुन्या रेषेने जे कुटुंब ‘सुटलं’ ते नव्या मोजपट्टीने अर्ध्यावरच असतं आणि अहवालातला यशाचा आकडा कोसळतो. तरीही अलीकडच्या राष्ट्रीय निर्देशकांत एक सुधारणा दिसते. बेकार माणसाला काम मिळालं, ते ९० दिवस टिकलं, १८० दिवस टिकलं, अशा नोंदी तर आहेतच. पण ते काम जगण्यापुरतं वेतन देणारं होतं की त्याहून कमी, असे दोन वेगळे रकाने केले आहेत. माझ्या मते साऱ्या अहवालात वाचण्यासारखी जागा हीच. कमी वेतनाच्या रकान्यात हजार आणि जगण्यापुरत्या वेतनाच्या रकान्यात चाळीस असतील, तर संस्था काय करते आहे ते पानभर मजकुराशिवाय समजतं.

शिवाय मधल्या रस्त्यात खड्डा आहे. बाईला अन्न-मदत, भाड्याची मदत आणि कमावत्या गरिबांना मिळणारी कर-परतफेड असं सगळं मिळतंय असं धरा. तिची कमाई १०० डॉलरने वाढली. मदतीच्या घरात भाडं उत्पन्नाच्या ३० टक्के असतं, म्हणून ३० डॉलर भाड्यात वाढले. अन्न-मदतीतून साधारण २४ घटले. पगारातून सामाजिक सुरक्षेचा कर ७.६५ गेला. दोन मुलांच्या आईची कर-परतफेड, उत्पन्न एका पातळीवर गेलं की, दर शंभरामागे २१ डॉलरने आटते. उरले सतरा. वजावटी एकमेकांत गुंतलेल्या असतात, त्यामुळे खरा आकडा थोडा इकडेतिकडे होईल. आणि भाड्याची मदत पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच मिळते, त्यामुळे सगळ्यांवर ही वेळ येत नाही. पण ज्यांच्यावर येते त्यांनी जादा पाळी नाकारली तर ‘आळशी’ म्हणण्याआधी हा सतराचा हिशेब त्यांच्याबरोबर बसून करावा. त्या बायकांना तो तोंडपाठ असतो.

हाच खड्डा बुजवायला १९९० मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने एक चतुर योजना काढली, नावच ‘कुटुंब स्वावलंबन’. कमाई वाढली की भाडं वाढणार ते वाढणारच, पण तेवढीच रक्कम कुटुंबाच्या नावे एका खात्यात साचत जाईल. पाच वर्षांचा करार, सोबत एक मार्गदर्शक. शेवटी घरातलं प्रमुख माणूस कामावर असलं आणि रोख सरकारी मदत सुटली असली की साठलेली रक्कम हातात. या योजनेचे २०११ मध्ये एका अभ्यासात आलेले आकडे बघा. १८१ कुटुंबांचा माग काढला. चार वर्षांत २४ टक्के कुटुंबांनी करार पुरा केला आणि त्यांचं सरासरी उत्पन्न सुमारे २० हजारांवरून ३३ हजार डॉलरपर्यंत गेलं. कुठल्याही संस्थेने हे वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक छापलं असतं. मीही छापलं असतं.

पण एक शंका उरते. चार वर्षांत नेटाने करार पुरा करणारी चारातली एक बाई ही चौघींत मुळातच उमेदीची असेल, तर? योजना नसती तरी ती इथवर आली असती का? ते कळायचा एकच सरळ मार्ग: चिठ्ठ्या टाकायच्या. एमडीआरसी या संशोधनसंस्थेने पुढे नेमकं तेच केलं. सात राज्यांतल्या १८ गृहनिर्माण संस्था, सुमारे अडीच हजार कुटुंबं. सोडतीने निम्मी योजनेत, निम्मी बाहेर. आणि वर्षानुवर्षं दोन्ही गटांची कमाई सरकारी नोंदींतून पाहत राहिले. योजनेतल्या लोकांनी मार्गदर्शन आणि प्रशिक्षण अधिक घेतलं, हे खरं. नोकरी आणि कमाईत मात्र एकंदरीत दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले. बाहेरच्या बायकांचीही कमाई वाढली होती. मुलं मोठी होतात, शाळेत जाऊ लागतात, आई जास्त तास काम करू शकते. काळही थोडं स्वावलंबन देतो आणि अहवालात त्याचं श्रेय संस्थेच्या नावावर जमा होतं.

म्हणून ती योजना फुकट गेली असं मी म्हणणार नाही. ज्यांनी करार पुरा केला त्यांच्या हाती काही हजार डॉलर आले, आणि एरवी आयुष्यात एवढी रक्कम एकदम कधी दिसत नाही. ती संपत्ती झाली. पण योजनेच्या नावात ज्याचं वचन होतं ते हे नव्हे.

उलट दिशेचं उदाहरण टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचं. १९९० मध्ये तिथला लीव्हाय स्ट्रॉस जीन्सचा कारखाना बंद पडला आणि हजारभर लोकांचं काम गेलं. त्यांत बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बायका. तिथल्या चर्चमंडळींच्या आधारावर उभ्या राहिलेल्या कॉप्स आणि मेट्रो अलायन्स या दोन वस्ती-संघटनांनी आधी शहरातल्या मालकांना विचारलं की येत्या काळात तुम्हाला कुठली माणसं लागणार आहेत. मग १९९२ मध्ये ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ उभा केला. कम्युनिटी कॉलेजची फी, पुस्तकं, बसभाडं, आणि आठवड्याला सक्तीची गटबैठक. परिचारिका आणि आरोग्यसेवेतली इतर कामं हा मुख्य भर. इथेही पुढे सोडतीने अभ्यास झाला, ४१० जणांचा. नवव्या वर्षी क्वेस्टमधून गेलेली माणसं दुसऱ्या गटापेक्षा वर्षाला सुमारे ५ हजार डॉलर जास्त कमावत होती. गरिबांसाठीच्या प्रशिक्षणांच्या इतिहासात इतका दीर्घ टिकलेला फरक दुर्मीळ आहे.

पण पहिल्या दोन वर्षांचा आलेख पाहिला तर त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. क्वेस्टवाले त्या काळात वर्गात बसून शरीरशास्त्र घोकत होते आणि बाहेरचे पगार घेत होते. दरी पडली ती तिसऱ्या वर्षापासून. अहवाल दर वर्षी द्यायचा, अनुदान दर वर्षी ठरायचं आणि फळ तिसऱ्या वर्षानंतर दिसायचं. अशा वेळी कुठली संस्था लांबचं शिक्षण निवडेल? मिळेल त्या गोदामात माणूस चिकटवला की ९० दिवसांत एक रकाना भरतो.

रकाना भरायचे असे इतरही मार्ग आहेत आणि ते सगळ्यांना ठाऊक असतात. थोड्याशा धक्क्याने पुढे जातील अशीच कुटुंबं निवडायची. व्यसन, मारझोड, मानसिक आजार असलेली घरं हळूच दुसऱ्या खिडकीकडे पाठवायची. यावर रोमाने एक गमतीदार उपाय काढला. संस्थेने वर्षाच्या सुरुवातीला किती कुटुंबांत बदल होईल त्याचा अंदाज लिहून द्यायचा आणि शेवटी प्रत्यक्ष आकडा त्याशेजारी. अनेक राज्यांत अंदाजाच्या ८० ते १२० टक्क्यांच्या आत असाल तरच ठीक. म्हणजे ठरवल्यापेक्षा दुप्पट यश आलं तरी खुलासा द्यावा लागतो! आधी हसू येतं. पण दरवर्षी दुप्पट यश येणारा माणूस अंदाज मुद्दाम खाली लिहितो आहे, हे आपल्याकडच्या कुठल्याही मार्चअखेरीच्या कार्यालयात शिपाईसुद्धा सांगेल. याने निवडीची खोड मात्र जात नाही. ती फक्त शिस्तीत येते.

या सगळ्यातून गेल्यावर आपण पुन्हा त्या जुन्या शाळेत येऊ. जुलै महिना, खिडकीतला पंखा घरघरतो आहे. गॅसचं बिल तेव्हाच भरलं गेलं होतं. थोरल्याला हेड स्टार्टमध्ये जागा मिळाली, गाडीला वापरलेली बॅटरी मिळाली आणि बाईचं नाव शुश्रूषा-मदतनिसाच्या अभ्यासक्रमाला घातलं होतं. आज सहा महिने झाले. फॉर्मच्या उजव्या बाजूच्या शिड्या कोऱ्या आहेत आणि त्या भरायला केस मॅनेजर फोन लावते.

घंटी वाजत राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, कारण बाई दिवसा कामावर असेल. मग पत्त्यावर पत्र जातं.

दोन प्रकारची माणसं असे फोन उचलत नाहीत. एक, ज्यांना चांगली नोकरी लागली, दुसऱ्या गावी भाड्याने घर मिळालं, आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीची आठवणही ज्यांना आता नको आहे. दुसरी, ज्यांचं घर गेलं आणि फोनचे पैसे भरायचे राहिले. शिडीच्या वरच्या टोकाची आणि खालच्या टोकाची. मधली तेवढी सापडतात, आणि अहवाल त्यांचाच होतो.

पत्र चार दिवसांनी परत येतं, वर पोस्टाचा पिवळा चिकटकागद. केस मॅनेजर यादीत बाईच्या नावापुढे ‘संपर्क झाला नाही’ असं लिहिते, आणि क्षणभर थांबून परत एकदा तोच नंबर फिरवते.